मखमलीची उलटी लव

एकतीस वर्षांनी मी त्या शहरात पाय ठेवला तो भांडायलाच. आठवणींनी गहिवरून वगैरे मुळीच नाही. स्टेशनवर ताई न्यायला आली होती, तिला तिथेच सांगितलं, "आधी दुकान, मग घर."

"अगं, तोंड तरी धू," ताई म्हणाली. "मास्तर ऐंशीचे झालेत. जाऊ दे ना आता."

"तुझं काय जातंय म्हणायला!"

झालं होतं असं, की ताईची मुलगी त्या शिंप्याच्या दुकानात कोट शिवायला टाकायला गेली होती. तिथे मास्तर एका नव्या कटर मुलीला गोष्ट सांगत होते, ती भाचीने मला फोनवर हसत हसत सांगितली. म्हणे पूर्वी इथे एक गबाळी पोरगी होती, तिने मखमल उलटी कापली म्हणून तिला हाकललं. "तो तुकडा अजून भिंतीवर ठोकून ठेवलाय, मावशी!" बिचारीला काय ठाऊक, ती गबाळी पोरगी म्हणजे तिची मावशीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की खरखरीत. कोटाचा एक भाग जरी उलट्या लवेने कापला तरी तो शेजारच्या भागापेक्षा काळपट दिसतो आणि मग कुणाच्या बापालाही दुरुस्त करता येत नाही. भिंतीवरचा तो तुकडा मी कापलाच नव्हता. घसा फोडून सांगितलं, पण मास्तर तिथले मुख्य कटर, मालकाच्या विश्वासातले आणि मी चोवीस वर्षांची. तुकडा मला हातातसुद्धा घेऊ दिला नाही. दुपारच्या आत मी रस्त्यावर. नंतर शहरातल्या एकाही शिंप्याने मला कात्रीला हात लावू दिला नाही. परगावी जाऊन बारा वर्षं उशांच्या खोळी शिवल्या, तेव्हा कुठे पुन्हा कापायला मिळालं.

दुकानाचा रस्ता काही ओळखू येईना. ज्या जिन्यावर आम्ही मुली डबा खायला बसायचो, तिथे आता काचेचं दार आणि खुर्चीवर पहारेकरी. दुकान मात्र तसंच होतं. तेच लांब टेबल, इस्त्रीची वाफ, खुंट्यांवर टांगलेले कोटांचे कागदी नमुने. दुकान आता मास्तरांच्याच मालकीचं होतं. गळ्यात टेप घालून ते खुर्चीत बसले होते. टेबलापाशी ती नवी कटर मुलगी उभी होती.

"या बाई, बसा. माप द्यायचंय?" मास्तर म्हणाले.

"माप घ्यायला आलेय. मी ती गबाळी पोरगी."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "झालं गेलं ते..." असं काहीतरी पुटपुटले. ताईने मला चिमटा काढला. मी सरळ भिंतीपाशी गेले आणि तुकडा ओढला. खिळ्यापाशी टर्रकन फाटला. फाटू दे!

लव कुठल्या बाजूला जाते ते कळावं म्हणून कापणारा आधी कापडाच्या मागच्या बाजूला बाण काढतो. या दुकानात नियम होता, बाण ज्याचा, कात्रीही त्याचीच. प्रत्येकाची खूण वेगळी. माझ्या बाणाला शेपटीशी फुली असायची, मास्तरांच्या बाणाला दोन टिंबं. मी तुकडा उलटून टेबलावर ठेवला. पिवळ्या मेणखडूचा बाण, उलट्या दिशेचा, आणि शेपटीशी दोन टिंबं. बाणाची बाजू भिंतीकडे करून ठोकलं म्हणजे कुणी बघणार नाही, असं वाटलं असेल शहाण्याला!

मुलीने बाणाकडे पाहिलं, मग खुंट्यांवरच्या नमुन्यांवर मास्तरांनी काढलेल्या बाणांकडे. "मास्तर, ही तर तुमची खूण."

मास्तरांनी बाणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मालकाने मला काढलं असतं. घरात खाणारी चार तोंडं होती. तू तरुण, एकटी. वाटलं, तुला कुठेही काम मिळेल."

"नाही मिळालं."

"चुकलं माझं. माफ कर."

"नाही करणार."

"अगं!" ताई म्हणाली.

"ताई, तू गप्प बस. मास्तर, मला तुमची माफीबिफी नको. मला ती गोष्ट ऐकायचीय. दर नव्या माणसाला सांगता ना? हिला पुन्हा सांगा. या वेळी खरी सांगा."

मी स्टूल ओढून समोर बसले. मास्तरांनी घसा साफ केला आणि जिभेला सवयच ती, सुरुवात केली, "पूर्वी इथे एक गबाळी पोरगी..." मी ताडकन उठले. ते थांबले. टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"पूर्वी इथे मी कापायचो," ते म्हणाले. "एकदा मी मखमल उलटी कापली. आणि नाव घेतलं एका पोरीचं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता."

आपल्याला रडू फुटेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. मागच्या खोलीतल्या शिलाई मशिनी एकेक करून थांबल्या होत्या.

"मोठ्याने, मास्तर," मी म्हणाले. "मशिनीवरच्या बायकांना ऐकू गेलं नाही."

मास्तरांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने.