गरम गोळी

त्या वर्षांत मारेगावकडच्या खेड्यांत कुणी ओकलं की पहिला संशय फवारणीच्या औषधावर जायचा. कापूस बुडाला होता आणि औषधाचे डबे घरोघर होते. म्हणून दीपा अंगणात भेलकांडत ओकली, सख्ख्या आईला "तुम्ही कोण जी?" म्हणाली, तेव्हा शेजारच्या रामीबाईनं तोंडाला पदर लावला.

"तुळसे, पोरीनं काही पेलं त नाही?"

"काही नाही व! मी पाजते ते पाणीच पेते."

ते खरंच होतं. दीपाला लहानपणापासून फिट यायची. पंधरवड्यामागं यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोळी अंगात गरम पडते, हे तुळसाबाईला कुणी सांगायला नको होतं. तिच्या आईनंही हेच पथ्य पाळलेलं. तिनं पोरीचं मीठ तोडलं, अळणी वरण-भाकर सुरू केली आणि दिवसभर माठातलं पाणी पाजलं. डोकं दुखतं म्हटलं की आणखी एक गडवा.

गावातल्या मारोतीच्या जीपमधून दवाखान्यात नेतानाही ती पाणी पाजतच होती. वाटेत दीपाचे डोळे फिरले, अंग ताठ झालं.

दवाखान्यात नर्स पोट धुवायची नळी घेऊन आली.

"माह्या पोरीनं विष नाही पेलं जी!" तुळसाबाई आडवी उभी राहिली.

"बाजूला व्हा, मावशी." डॉक्टरीणबाईंनी दीपाच्या तोंडाचा वास घेतला, पापण्या वर केल्या. "थांबा सिस्टर, हे तसं दिसत नाही. मावशी, गोळ्या कोणत्या चालू आहेत? खायला-प्यायला काय देता?"

तुळसाबाईनं गोळ्या दाखवल्या, पथ्य सांगितलं. जरा अभिमानानंच.

रक्ताचा रिपोर्ट आला तशा डॉक्टरीणबाई झपाट्यानं परतल्या. "या गोळीनं कधीकधी रक्तातलं मीठ उतरतं. त्यात तुम्ही मीठ बंद केलं, वर पाणी ओतलं. मेंदूला सूज आलीय. सलाईननं मीठ हळूहळू चढवू, गोळी बदलू. पाणी मी सांगेन तेवढंच."

"पोरगी वाचन का जी?"

"आत्ता नाही सांगता येत."

तुळसाबाई खाटेचा दांडा धरून बसली. पोरीला मीच मारलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत ऊन आलं तेव्हा दीपानं डोळे उघडले.

"माय, पाणी दे."

"डाक्तरीणबाईनं नाही म्हटलं."

"काय बाई आहे! मी नोको नोको म्हणत होती तवा घशात ओतलं, अन् आता मागून राह्यली त देत नाही."

तुळसाबाईला रडू आवरेना.

"बोल बाई," ती म्हणाली, "आणखी बोल."