पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी पायली आहे. माझ्या अंगाला पोचा पडला आहे, काठ झिजला आहे. पण बीडच्या तांबटाने मला पितळ ठोकून घडवले आणि बुडावर सरकारी शिक्का मारला, तो अजून बोटाला लागतो. मला खोटी ठरवणारा अजून जन्मायचा आहे. लबाडी झाली ती माझ्यात घातलेल्या अंगठ्याची.

तो अंगठा सटवा मापाऱ्याचा. धान्य मापून देणे हा त्याचा पिढीजात धंदा. मानमोडीचा ताप आला त्या साली घरोघर माणसे गेली आणि शेतेही वाळली. तेव्हा आमच्या युसूफ वडगावात चार भल्या माणसांनी मिळून मदतीसाठी एक मंडळी काढली. सरकारी कोठारातून ज्वारी मागवली आणि दर आठवड्याला माणशी एक पायली वाटायची असे ठरले. मला भरताना सटवा अंगठा आत ठेवी. तेवढी ज्वारी प्रत्येकीच्या पदरात कमी पडे आणि संध्याकाळी सटवाच्या पिशवीत निघे. माझ्या अंगाचा नुसता जाळ होई. पण पितळेला तोंड कुठले?

रांगेतल्या मनकर्णाला मात्र तोंड होते. नवरा, सासू, थोरला लेक, सगळे तापात गेलेले. धाकटी शिवकन्या तेवढी राहिली. एके दिवशी मनकर्णा सगळ्यांदेखत म्हणाली, “सटवादादा, अंगठा बाहेर काढा. त्यो काय शिजवून खायचाय व्हय आमी?”

रांग हसली. सटवाचे तोंड काळवंडले. “लई शहाणी हाईस, तर तूच माप की!”

“आणा हिकडं!”

मंडळीचे चालक त्रिंबकराव ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “मापू द्या तिला.” लोक कुजबुजले, बाई कधी मापारी असते का? अरे, मग मी पायली काय बाप्या आहे?

मनकर्णाने मला काठोकाठ भरले, वरून हात फिरवला आणि पहिल्या पायलीला म्हणाली, “लाभ.” मित्रांनो, आपल्याकडे माप घालताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. लाभ, मग दोन, मग तीन. सटवाही तसेच म्हणे, पण नुसते सवयीने. मनकर्णाचे तसे नव्हते. त्या साली जेवढी घरात जिवंत माणसे तेवढ्या पायल्या. कालपरवा पाच पायल्या नेणारी बाई आता पहिलीवरच थांबे. तिला ‘एक’ म्हणायचे म्हणजे तोंडावर सांगायचे, की बाई, तू एकटी उरलीस.

मंडळीने मनकर्णाला पगारावर ठेवले. सटवाला ते सोसले नाही. तो तालुक्याला जाऊन काहीबाही ओकून आला आणि एका सकाळी अंमलदारसाहेब घोड्यावरून आले. बरोबर कारकून.

“हुजूर, लाभ म्हणजे नफा,” कारकून म्हणाला. “पहिली पायली ही बाई सोताला काढते, अशी तक्रार हाय.”

पोती मापून पाहिली. तूट निघाली नाही. तरी साहेबांच्या कपाळाची आठी मोडेना. “दफ्तर में एक, और मुँह में लाभ? नहीं चलेगा. एक बोलो. नहीं तो ज्वारी बंद, और तुम घर जाओ.”

रांगेत पुढे भिवराबाई उभी होती. दसऱ्याला तिच्या घरात चार माणसे होती. आता तिचा पदर एकाच पायलीसाठी पसरला होता.

मनकर्णाने मला भरले. वरून हात फिरवला.

“बोल, एक!” कारकून ओरडला.

त्रिंबकराव हळूच म्हणाले, “मनकर्णे, म्हण बाई. सगळ्यांच्या तोंडचा घास जाईल.”

तिने भिवराबाईकडे पाहिले. डोळे मिटले. ओठ उघडले. “ए...”

“लाभ!”

हे भिवराबाई म्हणाली! स्वतःच! “सायेब, माज्या घरात किती उरले ते मला ठावं हाय. ते हिच्या तोंडून कशाला आयकू?”

मागून छबुबाई बोलली, “माज्याबी पहिलीला लाभच. हुकूम मापणारीला हाय, रांगंला न्हाई!”

कारकुनाने तोंड उघडले, पण साहेबांनी हात वर केला. ते भिवराबाईच्या पसरलेल्या पदराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लिखो. लाभ यानी एक.” आणि घोड्याकडे वळले.

त्यानंतर मनकर्णा मंडळीतच राहिली. पुढे मंडळीने अनाथ लेकरांचे वसतिगृह काढले, तेव्हा कोठाराची किल्ली तिच्याच कमरेला आली. कधीकाळी पदर पसरून रांगेत उभी राहिलेली बाई! तिच्यामागे ती किल्ली शिवकन्येकडे गेली. मनकर्णाने मला कधी रिते ठेवले नाही. मापणे झाले तरी तळाशी मूठभर दाणे असू देई.

आता कोठारात वजनकाटा आला आहे. येऊ दे, मला काय त्याचे! पण वसतिगृहातल्या पोरांनो, तुम्ही माझ्यात गोट्या ठेवता. मित्रांनो, त्या काढा. मला चिंचेने घासा, तळाशी मूठभर ज्वारी टाका. आणि कुणी उपाशी दारात आले, तर मला काठोकाठ भरा. अंगठा बाहेर!

पहिल्या पायलीला काय म्हणायचे, ते मी सांगणार नाही. तुम्हीच म्हणा. मोठ्याने.