निवळकोंडचा ळ

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला निवळकोंड गावातला ळ गेला, आणि तो अमृता शेट्येच्याच हातून गेला.

नकाशा कक्षात ती गावांची नावं जुन्या फाइलीतून नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणत होती. जुना फॉन्ट, नवं एन्कोडिंग. ळ कुठं बसवायचा ते यंत्राला कळेना. तिच्या माहेरच्या गावाचं नाव ‘निव?कोंड’ असं आलं. नंतर बघू म्हणून तिनं ते तसंच सेव्ह केलं. आळस नडतो तो असा.

पाच मिनिटांत वडिलांचा फोन आला.

“अमू, मास्तर पोरांना घेऊन उघड्यावर उभे आहेत. त्यांची ती इमारत दिसत नाही. काय म्हणतात गं तिला?”

“शाळा, दादा.”

“मध्येच ऐकू येत नाही. शा काय?”

मग परसातल्या केळी गेल्या, देवळासकट देऊळवाडी गेली. ळ एकेका शब्दातून निघून चालला होता. ओळखीतही ळ आहे हे अमृताच्या ध्यानात आलं आणि ती कक्षप्रमुखांकडे, घैसास साहेबांकडे धावली.

घैसास साहेबांनी चष्मा पुसला. “प्रश्नचिन्हातून अक्षर परत निघत नाही, बाई. मूळ फाइल आणा.”

ती फाइल दादांनीच केली होती. नोकरीत असताना सगळा तालुका त्यांनी मोजला होता, आणि सीडी घरच्या कपाटात होती. तिनं फोन लावला.

“दादा, मूळ फाइल काढून ठेवा.”

“कसली फाइल?”

“मूळ.”

“तू ये बाई. मी दारातच थांबतो.”

तिनं बस पकडली. कंडक्टरनं दिलेल्या तिकिटावर गावाच्या नावात मधेच एक भोक होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, “सकाळपासून असंच येतंय.”

दादा खरंच दारात उभे होते. डोळ्यांतला ळ अजून शाबूत होता. ते तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसे बघत होते.

“कोण हवंय आपल्याला?”

“दादा, मी अमू.” तिला रडू फुटलं.

“रडू नका. आत बसा, पाणी घ्या,” दादा अदबीनं बाजूला झाले. “मी येतोच. अमू यायचीय माझी.”

आणि ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.