विजयाचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. पितळेचा, माणसाहून लांब. बुखाऱ्याच्या तांबटआळीत मला ठोकून ठोकून घडवलं आणि खोलमुराद नावाच्या वादकाने खांद्यावर घेतलं. मी पहिल्यांदा वाजलो ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या, सनोबरच्या लग्नात. तिला नदीपलीकडच्या गावी दिलं होतं. निघताना ती बुरख्याआडून म्हणाली, "दादा, पुरे आता! गाल फुटतील तुझे."

"फुटू देत! तुझ्या सासूला कळू दे, कुणाची बहीण येतेय ते."

ते माझे सुखाचे दिवस. पुढे माझी कीर्ती खानाच्या कानी गेली आणि आम्ही किल्ल्याच्या वेशीवरच्या नगारखान्यात आलो. मान मिळाला, रोज पुलाव मिळाला. खोलमुराद मला लोकरीच्या फडक्याने पुसून मगच जेवायला बसे.

मग नदीपलीकडच्या गावाच्या सरदाराने, बेगाने, शुक्रवारच्या नमाजात खानाचं नाव घेणं बंद केलं, म्हणजे बंडच पुकारलं. खानाने फौज पाठवली, गावाला वेढा घातला, कालवा तोडला. चाळिसाव्या दिवशी तहानेने गाव पडलं. आम्हाला हुकूम आला : सात दिवस विजय वाजवा.

"उस्ताद, माझी बहीण आहे हो तिथे," खोलमुराद म्हणाला.

नगारखान्याचा प्रमुख बरातबाय हळूच पुटपुटला, "म्हणूनच जोरात वाजव. सगळे तुझ्याकडेच बघतायत."

त्याने वाजवलं. खोटं कशाला सांगू, इतका सुरेल मी कधीच वाजलो नव्हतो. वेशीतून कैद्यांची रांग आत येत होती. अनवाणी बायका, कडेवर पोरं. त्यातली एक थांबली, तिने मान वर केली. सनोबर होती ती. खोलमुरादचा श्वास थरथरला, पण तुटला नाही. शिपायाने तिला पुढे ढकललं.

खानाने खूश होऊन त्याला जरीचा झगा दिला. तो घेऊन खोलमुराद तसाच कैद्यांना कोंडलं होतं त्या मुसाफिरखान्यात गेला. मी खांद्यावर होतोच. पहारेकऱ्याने झगा अंगाला लावून पाहिला आणि म्हणाला, "जा, घेऊन जा बहिणीला."

सनोबर जागची हलली नाही. "माझ्या नवऱ्याचं मुंडकं गोणीत भरून आणलं यांनी. आणि तू वाजवत होतास."

"नसतं वाजवलं तर माझंही उडवलं असतं, सनू."

"मग मी दोघांसाठी रडले असते. आता एकासाठीच रडतेय. जा तू."

दुसऱ्या दिवशी कैद्यांना कुठल्याशा ओसाड माळावर वसवायला नेलं. खोलमुरादने उरलेले सहा दिवसही वाजवलं. मग मला कोपऱ्यात उभं केलं, ते पुन्हा हात म्हणून लावला नाही.

दोन वर्षांनी त्या खानाला मारून दुसरा खान आला. त्याचाही विजय मीच वाजवला. फुंकणारा नवा, जयजयकार तोच.

आता माझं तोंड चेपलंय, अंग कळकून हिरवं पडलंय. भंगारात पडून आहे. मित्रांनो, मला राखेने घासा, कड ठोकून सरळ करा, मी लगेच वाजेन. तीच तर माझी खोड. कुणीही, काहीही फुंकावं, मी छानच वाजतो. म्हणून विनवतो, ओठ लावण्याआधी जरा थांबा. लाज वाटायचीच असेल तर ती तुम्हालाच वाटायला हवी. पितळेला ती येत नाही.