कोणाकडून राहिलं?

माझ्या बायकोला, प्रेमलाला, जाऊन चौदा महिने झाले होते, तेव्हा कंपनीने आम्हाला लिहायला शिकवायचं काढलं. मी महापेला एका कंपनीत फिटर आहे. मशीन बंद पडलं की आम्ही रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहायचो, आणि त्या पुढच्या शिफ्टला कळायच्या नाहीत. म्हणून दर शनिवारी दुपारी कँटीनमध्ये क्लास. शिकवायला सीवूड्सहून नूरीन मॅडम यायच्या. माझ्या मुलीच्या वयाच्या.

मुलगी प्रियदर्शिनी, पुण्याला दिलीय. तिची आई गेली त्या दिवशी अकरा वाजता आईचा फोन तिला आला होता. ती मीटिंगमध्ये होती, उचलला नाही. साडेअकराला शेजारच्या मेहरुनभाभींना प्रेमला स्वयंपाकघरात पडलेली दिसली. तेव्हापासून प्रियाचं एकच, "मी उचलला असता तर आई वाचली असती." मी म्हणायचो, "तुझा काय दोष गं, अचानक झालं." अचानक झालं नव्हतं. ते मला एकट्याला माहीत होतं.

तिसऱ्या शनिवारी मॅडमनी आमचंच रजिस्टर समोर ठेवलं आणि माझ्याबरोबरच्या ज्ञानूची ओळ वाचली. "बेअरिंगला ग्रीस मारायचं राहून गेलं. बेअरिंग जाम झालं."

"कोणाकडून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"कोणाकडून नाय मॅडम. राहून गेलं," ज्ञानू म्हणाला.

"म्हणजे आपलं आपणच राहिलं?"

"हां. बसलं असेल कुठंतरी रुसून."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "काका, ग्रीस मारायची ड्युटी कोणाची होती?"

"माझीच."

"मग लिहा, मी ग्रीस मारलं नाही."

"असं लिवलं तर मेमो हातात पडेल की ओ!"

"नाही लिहिलं तर पुढचा माणूस बेअरिंगलाच दोष देत बसेल. बिचाऱ्या बेअरिंगची काहीच चूक नसताना."

पुढे मॅडम काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

घरी करायला त्यांनी एक रिपोर्ट दिला होता. घडलेली एक गोष्ट, वेळेप्रमाणे, कोणी काय केलं ते लिहायचं. रविवारी सकाळी मी बंद पडलेल्या कंप्रेसरचं लिहायला बसलो. लिहिलं ते असं झालं:

"सहा दहा. प्रेमला म्हणाली, छातीत आवळल्यासारखं होतंय, घाम सुटलाय. मी म्हणालो, पित्त असेल.

सहा पंचवीस. ती म्हणाली, आज जाऊ नका, दवाखान्यात जाऊन येऊ. मी म्हणालो, शटडाऊनचं काम आहे, संध्याकाळी बघू.

सहा चाळीस. तिने डबा भरून दिला. मी निघालो.

दवाखान्यात न्यायचं राहून गेलं."

शेवटची ओळ खोडली. मग खाली लिहिलं, "मी तिला दवाखान्यात नेलं नाही."

त्या पानाचा फोटो काढून प्रियाला पाठवला. मॅडमसाठी कंप्रेसरचं वेगळं लिहिलं.

पंधरा मिनिटांनी प्रियाचा फोन आला.

"सहा दहाला सांगितलं होतं तिने?"

"हो."

"आणि तशीच उठून डबा केला?"

"हो."

"काय होतं डब्यात?"

"मेथी. भाकरी."

"खाल्लात?"

"भाभींचा फोन आला तेव्हा जेवतच होतो."

ती रडली नाही. "चौदा महिने, पप्पा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही. मी रोज लावायचो. रिंग पूर्ण वाजायची.

दहाव्या दिवशी जावयांचा फोन आला, सनीरावांचा.

"मामा, ती तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते. मी समजावतोय तिला."

"नका समजावू."

ते म्हणाले, "एक सांगू? इतके दिवस मीटिंगमध्येसुद्धा रिंग चालू ठेवायची. कोणाचाही फोन असो, धावत बाहेर जाऊन घ्यायची. साहेब दोनदा बोलला त्यावरून, तरी ऐकेना. या आठवड्यात मीटिंगला फोन सायलेंटवर टाकायला लागलीय."

"बरं झालं," मी म्हटलं.

तेव्हापासून मी तिला फोन करत नाही. तिला वाटलं तर ती करेल. कदाचित नाही करणार.