चार सेकंद, दोन रेघा

वसंत साहेबानं मनगटावरच्या घडीचं बटन दाबलं आणि माग खात्यातल्या सगळ्या रांगेचे हात एकदम म्हातारे झाले.

तुटलेला धागा एरवी डोळे मिटून गाठणारे महादेवराव चष्मा पुसत बसले. पलीकडच्यानं आडवा धागा नेणारा धोटा पाडला, वाकून उचलला, फुंकर मारली, पुन्हा पाडला. नाटक झकास चाललं होतं. त्याची तालीम आदल्या दिवशी मिलच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर झाली होती. युनियनच्या ओमप्रकाशनं घेतली होती.

"हा नवा साहेब काम मोजाले आला आहे," तो म्हणाला होता. "त्यानं बटन दाबलं का हात ढिले. काम झटपट दिसलं तर दोनाचे तीन माग देते मालक एकेकाले. मंग बाकीचे कायले ठेवते? पहिले बदलीवाले घरी. बात समजली का?"

बदलीवाला म्हणजे कोणी गैरहजर असला की त्या दिवसापुरता त्याच्या मागावर उभा राहणारा. बळीरामचा धाकटा भाऊ धोंडबा सहा वर्षं बदलीवरच होता. म्हणून ओमप्रकाश बोलत सगळ्यांशी होता, पण बघत होता बळीरामकडे.

"तू तर अजूनच हळू कर गा, बळीराम. तुहे हात लय पळते."

बळीरामनं मान हलवली. बावीस वर्षांच्या खडखडाटानं त्याचे कान अर्धे गेले होते आणि उरलेल्या अर्ध्यात आता फारसं काही शिरत नव्हतं. बायको काही म्हणो, शेजारी कोणी मरो, सगळ्याला तो तशीच मान हलवायचा.

पण सोमवारी कँटीनच्या नळावर हात धुवायला साहेबानं ती घडी काढून कठड्यावर ठेवली होती. काळी तबकडी, तिच्या पोटात तीन पांढऱ्या बारक्या तबकड्या, चामड्याच्या पट्ट्याला ओळीनं भोकं. बळीराम साबण हातात धरून उभाच राहिला होता.

"पट्ट्याले भोकं काहून, साहेब?"

"हवा लागायला. मोटारींच्या शर्यतीतले लोक घालतात ही. माझ्या भावानं परदेशातून आणली."

हे साहेबाला त्याच्या कानाशी ओरडावं लागलं. मग त्यानं वरचं बटन दाबलं. लांबसडक लाल काटा निघाला. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं दाबलं तर सरळ शून्यावर परत, जसा कुठं गेलाच नव्हता.

"सेकंदाचा पाचवा भागसुद्धा दाखवते."

"मोटारीचाच, का मानसाचा बी?"

"पळेल त्याचा."

बळीरामनं घडी उचलली नाही. काटा चालताना बोटाला काही लागतं का, ते बघायला दोन बोटं नुसती काचेवर टेकवली. लागत नव्हतं.

"अरे, ओली बोटं!" साहेब म्हणाला.

आणि आता तोच साहेब, तीच घडी, बळीरामच्या मागापाशी. धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की माग थांबवायचा, रिकामा धोटा काढायचा, भरलेला घालायचा, माग सोडायचा. असे दहा धोटे मोजायचे होते.

पहिल्याला बळीरामनं अकरा सेकंद लावले. दुसऱ्याला बारा. तिसऱ्याच्या वेळी त्यानं धोटा सदऱ्याला पुसला, उजेडात धरून बघितला. समोरच्या मागावरून ओमप्रकाशनं हातानंच शाबासकी दिली. साहेबानं वहीत लिहिलं आणि त्याला जांभई आली. चांगली मोठी, दाढा दिसतील अशी.

चौथी कांडी संपत आली तेव्हा बळीराम मागाकडे बघत नव्हता. साहेबाच्या मनगटाकडे बघत होता. लाल काटा शून्यावर उभा होता. बळीरामसारखा हात नाही, असं सगळं खातं बावीस वर्षं म्हणत आलं होतं. पण तो हात नेमका किती पळतो, ते कोणाला माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

माग थांबला. एक हात गेला, दुसरा आला. माग सुरू झाला.

साहेबानं घडीकडे बघितलं. कानाला लावली. पुन्हा बघितलं. मग मनगट वळवून बळीरामच्या नाकासमोर धरलं. चार सेकंद, आणि त्यापुढं दोन बारीक रेघा.

उरलेले सहाही बळीरामनं तसेच बदलले. माग खात्यात तोंडानं बोललेलं ऐकू येत नाही, माणसं हातानं बोलतात. ओमप्रकाशचे हात तर बोंबलत होते. बळीरामला ते दिसत होते.

तीन आठवड्यांनी फळ्यावर नोटीस लागली. माणसी तीन माग. बदलीच्या यादीतून धोंडबाचं नाव गेलं, आणखी चाळीस जणांचं गेलं. बळीरामला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. टपरीवर तो आला की बाकडं गरजेपेक्षा जास्त रिकामं व्हायचं, एवढंच. ओमप्रकाश एकदाच बोलला.

"साहेबानं चहा तरी पाजला का गा तुले?"

"नाही."

"पाजाले पायजे होता."

रविवारी दुपारी इंदोरा वस्तीतल्या घरी दोघे भाऊ जेवायला बसले. आठ दिवसांत धोंडबा घराबाहेर पडला नव्हता. बळीरामची बायको सिंधू वाढत होती आणि दोघांच्या मधून बघत होती.

"भाऊ, किती लागले?" धोंडबानं विचारलं.

ऐकू आलं नाही असं बळीरामला दाखवता आलं असतं.

"चार. अन् दोन रेघा."

धोंडबा घास चावत राहिला. सिंधूची वरणाची पळी हवेतच थांबली.

"मले तीन लागते."

"हट."

"तीन."

"डाव्या हातानं धोटा काढतं तू, बोटं अडकते तुही. तू पाचाच्या खाली येत नाही."

"मले कोनं मोजलं?" धोंडबा म्हणाला, आणि भातासाठी ताट वहिनीपुढं सरकवलं.