आर्याच्या हातात गेलेली केशरी रिबन

मित्रांनो, मी एक जुनी केशरी रिबन आहे. सहा मीटर लांब, एका टोकाला पांढरी काठी. संगीताच्या तालावर मुली जी जिम्नॅस्टिक्स करतात, त्यात हवेत वर्तुळं आणि नागमोडी वळणं काढायची, हे माझं काम. आता माझा रंग विटला आहे, कडेचे दोन धागेही सुटले आहेत. पण मला तक्रार करायची नाही. मला तुम्हाला इरावतीबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येणार नाही. मोठ्या कात्रीचा करकर आवाज तेवढा आठवतो. नंतर मी एका खोक्यातून नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी आले. खोकं उघडलं ते चौदा वर्षांच्या इरावतीने. तिला धीर कुठला? ती मला घेऊन तशीच घराबाहेर धावली. तिथल्या वाऱ्याने मला क्षणात उचललं आणि तिच्याच सायकलच्या हँडलभोवती गुंडाळून टाकलं. तिची आई, प्रमोदिनी, दारात उभी राहून पोट धरधरून हसली. मायलेकींनी मिळून मला सोडवलं. तेव्हापासून मी त्या घरची झाले.

चार वर्षं आम्ही दोघी रोज सराव केला. रिबनचा हात क्षणभरही थांबून चालत नाही. हात थांबला की रिबन मेलीच. इरावती हे पडत-झडत शिकली. त्या देशाच्या स्पर्धेत आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला, तेव्हा तिने मला गळ्यात घालून घेतलं होतं. पुढे जांभळी नवी रिबन आली आणि मी राखीव झाले. राखीव म्हणजे गालिच्याच्या कडेला नुसतं पडून राहायचं. खेळताना हातातली रिबन दगा देऊ लागली, तर मुलीने धावत येऊन कडेची उचलायची. वर्षभर मला कुणी उचललं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग त्याच देशातल्या आर्नहेम शहरात अनेक देशांची मोठी क्रीडास्पर्धा भरली. इरावती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि नेदरलँड्सकडून खेळणार होती. पहिल्या आठ जणींना अंतिम फेरीत जागा मिळणार होती.

पहिल्या फेरीच्या सकाळी सरावाच्या हॉलमध्ये भारताची एक मुलगी बाकावर डोकं धरून बसली होती. तिचं नाव आर्या. तिच्या दोन्ही रिबनी ज्या बॅगेत होत्या, ती बॅग वाटेतच कुठेतरी राहिली होती. "मॅडम, एवढ्या लांब येऊन मी नुसती बघत बसू का?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली. तिच्या प्रशिक्षक जयंती मॅडम चार देशांच्या लोकांना विचारून परतल्या होत्या. सगळीकडून नकारच आला होता.

त्यांचं मराठी त्या हॉलमध्ये आणखी कुणाला कळत असेल, असं दोघींच्या स्वप्नातही नव्हतं. इरावतीला कळलं. घरी आई मराठीत विचारायची आणि ही डचमध्ये उत्तर द्यायची. पण आता ती उठली, मला घेऊन बाकापाशी गेली आणि अडखळत म्हणाली, "माझ्याकडे एक आहे. जुनी आहे, पण चांगली आहे."

आर्या बघतच राहिली. "तू मराठी बोलतेस?"

"समजतं सगळं. बोलायला मी थोडी चुकते."

जयंती मॅडमनी मला हातात घेऊन पाहिलं. "अगं, ही तुझी राखीव ना? आर्याचा नंबर तुझ्या लगेच मागे आहे. तुझ्या वेळी ती हिला घेऊन पडद्याआड तयार उभी असणार, म्हणजे ही कडेला नसेल. तुला लागली तर?"

"कोम्त खूत," इरावती म्हणाली. होईल सगळं नीट, असं तिकडचे लोक उठता-बसता म्हणतात.

पण सगळं नीट झालं नाही. मी पडद्याआड आर्याच्या हातात होते आणि माझ्या डोळ्यांसमोर जांभळीला गाठ पडली. इरावतीची नजर सवयीने गालिच्याच्या कडेला गेली. तिथे मी नव्हते. संगीत पुढे चाललं होतं आणि ती पोर उभ्या उभ्या गाठ सोडवत होती. चार-पाच सेकंदं असतील. मला ती फार लांब वाटली. गाठ सुटली. राहिलेलं सगळं तिने नेटाने पुरं केलं.

बाहेर येताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. आर्याने मला पाठीमागे लपवलं, जणू चोरीच केली होती. तरी इरावती तिच्यापाशी थांबली. "डावीकडे वळताना ती जड होते," ती हळूच म्हणाली. "मनगट सैल ठेव."

आर्याने मनगट सैल ठेवलं. मित्रांनो, मी जीव ओतून नाचले. अनोळखी हात होता, पण खरा होता.

निकाल लागला. आर्या आठवी, इरावती नववी.

त्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत इरावती खूप रडली, हे मी लपवणार नाही. आईने तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, दिल्याचा पस्तावा होतोय का?" तिने डोळे पुसले. मग मराठीतच म्हणाली, "नववी आले त्याचं वाईट वाटतंय. दिल्याचं नाही."

आर्याची बॅग दुसऱ्या दिवशीही आली नाही. अंतिम फेरीच्या सकाळी इरावतीने ओला रुमाल माझ्यावर अंथरला आणि मंद इस्त्री फिरवून माझी एकेक सुरकुती काढली. एरवी हे काम आईचं. मग मला गुंडाळून तिने आर्याच्या हाती दिलं आणि स्वतः आईशेजारी प्रेक्षकांत जाऊन बसली. आर्या सातवी आली. उतरल्यावर ती थेट त्या दोघींकडे आली आणि "काकू," एवढंच म्हणून प्रमोदिनीच्या गळ्यात पडली.

आर्याने मला परत दिलं. आता मी इरावतीच्या क्लबमध्ये लहान मुलींच्या हातांत असते. त्या गोड आहेत, पण घाईच्या आहेत. सराव संपला की मला तशीच जमिनीवर टाकून पळतात. माझ्यावरून बूट जातात आणि कधी मी आठवडाभर हीटरमागे चुरगळून पडते.

मित्रांनो, मला रोज वापरा, वापरून वापरून झिजवा. फक्त काम झालं की मिनिटभर थांबा, मला पुसा आणि नीट गुंडाळून ठेवा. म्हणजे उद्या कुणी येऊन "तुझ्याकडे जास्तीची आहे का?" असं विचारलं, तर तुम्हाला मला शोधत बसावं लागणार नाही.